एकच सीरम, दोन किट, दोन आकडे: खरा कुठला मानायचा?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

मानवी सीरममधली (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) एकूण आयजीजी (रक्तातली एक प्रमुख अँटीबॉडी) मोजायला आमच्याकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची एलायझा किट (अँटीबॉडीने पकडून रंगाच्या गडदपणावरून मोजणारी) आहेत. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा भलतीकडेच जाईल. दोन्ही सँडविच पद्धतीची, दोन्ही ९६ वेलची (खळग्यांची). निरोगी दात्यांचं एकत्र केलेलं एकच सीरम दोन्हींवर चालवलं. पहिल्या किटवर मिलीलीटरला ६.१ मिलीग्राम आलं, दुसऱ्यावर ११.८. प्रौढ माणसात ही पातळी साधारण ७ ते १६ च्या दरम्यान असते, म्हणजे पहिल्या किटच्या हिशेबाने आमचे धडधाकट दाते आजारी ठरतात!

जोडीच्या वेलमधला फरक दोन्हीकडे ५ टक्क्यांच्या आत आहे. ब्लँक (सॅम्पल नसलेली वेल) स्वच्छ. स्टँडर्डचा (प्रमाण ठाऊक असलेल्या द्रावणांचा) वक्र इतका देखणा की फ्रेम करून लावावा. गाईड म्हणतात, दोन्हींची सरासरी घे आणि पुढे चल. मला ते अजिबात पटत नाही. माझं मत: दोघांपैकी एक किट खोटं बोलतंय. कुठलं, ते कसं शोधायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भोचक
सरासरी सुचवणारे गाईड दीर्घायुषी होवोत. पहिल्या रांगेत जागा धरून बसलोय.

पिपेटकरी
पहिला प्रश्न: डायल्युशन किती आणि कसं केलंत?

विचारण्याचं कारण असं की या कामात खरी मेख तिथेच आहे. मिलीलीटरला १० मिलीग्राम म्हणजे १ कोटी नॅनोग्राम. किट मोजतं काही नॅनोग्रामपासून फार तर काहीशे नॅनोग्रामपर्यंत. म्हणजे सीरम हजारो-लाखो पट पातळ करावं लागतं आणि प्रत्येक पायरीची चूक शेवटच्या आकड्यात गुणली जाते. २ मायक्रोलीटर सीरम थेट २० मिलीलीटर बफरमध्ये टाकून "झालं १:१०,०००" म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. सीरम चिकट असतं, टिपच्या बाहेरून एक थेंब लोंबत असतो आणि तो थेंबच कधी कधी अर्ध्या मायक्रोलीटरचा असतो. २ मायक्रोलीटरमध्ये अर्धा म्हणजे बघा.

१:१००, मग पुन्हा १:१००, मग शेवटचं हवं तेवढं, असं टप्प्याने करायचं. टिप आधी त्याच द्रावणात भिजवून घ्यायची, बाहेरून पुसायची आणि प्रत्येक टप्प्याला नीट मिसळायचं. व्हॉर्टेक्स करून फेस आणला तर पुढचं माप हुकलंच.

रात्रपाळी
पिपेटकरी, टप्प्यानेच केलंय. पहिल्या किटच्या माहितीपत्रकात १:२०,००० सुचवलंय, ते वापरलं. दुसऱ्यात १:१,००,००० सुचवलंय. मूळ १:१०० चं द्रावण दोन्हींसाठी एकच होतं.

सूक्ष्मदर्शी
मूळ द्रावण एकच असेल तर पिपेटिंगवर एवढं खापर फोडता येणार नाही. त्यातून निम्मा फरक पडणं कठीण.

मला वेगळी शंका आहे. पहिलं किट एकाच पायरीचं आहे का? म्हणजे सॅम्पल आणि एन्झाइम लावलेली अँटीबॉडी एकदमच वेलमध्ये टाकायची, मग एकच वॉश? तसं असेल तर हुक इफेक्ट डोक्यात ठेवा. सँडविचमध्ये खाली चिकटवलेली अँटीबॉडी आपली आयजीजी धरते आणि वरून एन्झाइमवाली तिला पकडते. (इथे मोजायची वस्तूही अँटीबॉडी, पकडणारीही अँटीबॉडी, आणि ती बहुतेकदा बकरीची किंवा उंदराची. नवीन मुलांचा पहिला आठवडा यातच जातो.) सॅम्पलमध्ये आयजीजी वारेमाप असेल तर खालच्या जागा एका रेणूने भरतात, एन्झाइमवाली दुसऱ्या मोकळ्या रेणूला धरून बसते, सँडविच होतच नाही आणि वॉशमध्ये सगळं वाहून जातं. रंग कमी, आकडा कमी, प्रत्यक्षात माल जास्त.

रात्रपाळी
हो, पहिलं एकाच पायरीचं आहे, अर्ध्या तासाचं इन्क्युबेशन. दुसरं दोन पायऱ्यांचं, सॅम्पलसाठी दोन तास.

एक_वाचक
मी यातला नाही, तरी विचारतो. हिपॅटायटिस बी ची लस घेतल्यावर मी अँटीबॉडी तपासली. एका ठिकाणी ६८ आलं, काही दिवसांनी दुसऱ्या ठिकाणी ९५. दोन्हीकडे एककं तीच, मिली आययू. वाढली म्हणून आनंद मानू का किटची गंमत म्हणून सोडून देऊ?

निदानवाला
एक_वाचक, सोडून द्या. हिपॅटायटिस बी च्या पृष्ठभाग-अँटीबॉडीसाठी मिलीलीटरला १० मिली आययू किंवा जास्त असेल तर संरक्षण आहे असं धरतात. तुमचे दोन्ही आकडे त्याच्या कितीतरी वर आहेत. वेगवेगळ्या यंत्रांवरच्या ६८ आणि ९५ मधून वाढ-घट काढायची नसते.

आणि हे इथे स्पष्ट केलेलं बरं: धागाकर्ता मोजतोय ती एकूण आयजीजी, सगळ्या प्रकारच्या शत्रूंविरुद्धची मिळून. तुमची आहे ती एकाच प्रथिनाविरुद्धची. ती पकडायला वेलच्या तळाशी विषाणूचं प्रथिन चिकटवलेलं असतं.

धागाकर्त्यालाही एक सांगतो. रुग्णांच्या एकूण आयजीजी, आयजीए, आयजीएमसाठी रोजच्या निदान प्रयोगशाळेत एलायझा सहसा वापरतच नाहीत. तिथे नेफेलोमेट्री किंवा टर्बिडिमेट्री चालते, म्हणजे अँटीबॉडी एकमेकींत गुंतून द्रावण गढूळ होतं आणि त्यावरून मोजमाप होतं. एवढ्या मुबलक प्रथिनासाठी लाखपट डायल्युशनचा द्राविडी प्राणायाम कशाला? तुमच्या किटवर "फक्त संशोधनासाठी" असं छापलेलं असेल तर त्याचा आकडा कुणाच्या रिपोर्टवर जाता कामा नये.

रात्रपाळी
रिपोर्टसाठी नाही, संशोधनच आहे. पुढे याच किटवर पेशींच्या कल्चरमधली आयजीजीही मोजायची आहे. तिथे पातळी फार कमी, म्हणून एलायझा.

निदानवाला
मग ठीक. द्राविडी प्राणायाम मागे घेतो.

कोटिंग_रात्रभर
किट कशाला विकत घेता म्हणते मी? पकडणारी अँटीबॉडी आणि एन्झाइमवाली अँटीबॉडी सुटी मिळते. कार्बोनेट बफर, पीएच ९.६, रात्रभर ४ अंशांवर प्लेट ठेवायची, सकाळी बीएसए (गाईच्या सीरममधलं एक प्रथिन) किंवा केसिनने ब्लॉक करायची (मोकळ्या जागा भरायच्या), झालं. आतून काय चाललंय ते तरी कळतं. किटमध्ये सगळं "बफर क्रमांक १", "बफर क्रमांक २". आत काय आहे ते देवाला ठाऊक.

पिपेटकरी
करायला हरकत नाही ताई, पण मग प्रत्येक नव्या बॅचची तपासणी तुमच्या गळ्यात. आणि बफर टिकावं म्हणून त्यात सोडियम अझाइड घालणारे उत्साही लोक सगळीकडे असतात. अझाइड पेरॉक्सिडेज एन्झाइमला गप्प करतं. मग प्लेट पांढरीफटक आणि शोध चालू सगळीकडे, बाटली सोडून.

कोटिंग_रात्रभर
अझाइडचा टोमणा मला नव्हता असं धरून चालते. 🙂

जुनाजाणता
थोडं अवांतर, पण इथे शोभेल. अँटीबॉडीच्या साहाय्याने अतिसूक्ष्म प्रमाण मोजायची वाट रोझलिन यालो आणि सोलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी आयोडीन वापरून दाखवली, इन्सुलिनसाठी. यालोंना १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन तोवर गेले होते. किरणोत्साराच्या जागी एन्झाइम लावायचं काम १९७१ मध्ये दोन गटांनी वेगवेगळं केलं: स्वीडनमध्ये एवा एंगवाल आणि पीटर पर्लमन, नेदरलँड्समध्ये बाउके व्हॅन वीमेन आणि अँटन स्खूर्स. मजा म्हणजे एंगवाल-पर्लमन यांनी पहिल्या निबंधात मोजली ती आयजीजीच, फक्त सशाची. म्हणजे धागाकर्ता ज्यात अडकलाय ते या तंत्राचं अगदी पहिलं काम.

आणि हो, हे ९६ वेलचं प्रकरण त्याहून जुनं. मायक्रोप्लेटची कल्पना १९५१ च्या सुमाराची, हंगेरीतल्या ग्युला ताकाची यांची. त्यांनी ती विषाणूंच्या कामासाठी हाताने बनवली होती.

भोचक
काका, तुम्ही असताना विश्वकोश कोण उघडणार.

एक_वाचक
पुन्हा घुसतो. कोविडच्या वेळी लोक "माझी ८००", "माझी अडीच हजार" असं सांगत सुटले होते. तेही असंच?

सूक्ष्मदर्शी
तेव्हा तर फारच. सुरुवातीला प्रत्येक कंपनीचं स्वतःचं एकक होतं, एकाच्या १०० चा दुसऱ्याच्या १०० शी काही संबंध नाही. डिसेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बरे झालेल्या रुग्णांच्या प्लाझ्मापासून केलेलं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरवलं, त्यावरून बीएयू हे एकक आलं. त्यानेही सगळं जुळलं नाही. एखादं किट संपूर्ण स्पाइकविरुद्धच्या अँटीबॉडी बघतं, एखादं त्याच्या छोट्या भागाविरुद्धच्या, तर एखादं न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धच्या. फक्त स्पाइकवर आधारलेली लस घेतलेल्या आणि कधीच संसर्ग न झालेल्या माणसात शेवटचं निगेटिव्ह यायलाच हवं. कितीतरी लोक ते बघून "लस लागलीच नाही" म्हणून हवालदिल झाले होते.

एक_वाचक
आमच्याकडेही हेच झालं होतं! आत्ता उलगडा झाला. धन्यवाद.

निदानवाला
जाता जाता: केसांसाठी बायोटिनच्या जोरदार मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगत जा. बऱ्याच यंत्रांची रचना बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनच्या पकडीवर असते. रक्तातलं जादा बायोटिन मध्ये घुसलं की सँडविच प्रकारात आकडा खोटा खाली येतो, स्पर्धक प्रकारात खोटा वर जातो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता.

भोचक
केस राखावेत की रिपोर्ट, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

रात्रपाळी
मंडळी, धागा वर काढतोय. सूक्ष्मदर्शी यांचं ऐकून दोन्ही किटवर डायल्युशनची मालिका लावली. प्रत्येक वेळी डायल्युशनने गुणून मूळ सीरमचा आकडा काढलाय.

पहिलं किट: १:२०,००० ला ६.१, १:४०,००० ला ७.२, १:८०,००० ला ७.९, १:१,६०,००० ला ८.२.
दुसरं किट: तीन डायल्युशनला ११.८, १२.०, ११.७.

पहिल्यात पातळ करू तसा आकडा चढतोय. मग हुकच ना?

सूक्ष्मदर्शी
आता मजा आली. दुसरं किट सपाट, म्हणजे स्टँडर्ड आणि सॅम्पल एकाच चालीने चालताहेत. हीच समांतरतेची परीक्षा. पहिलं नापास.

पण माझी हुकची शंका मलाच आता कमकुवत वाटतेय. हुक असता तर तेवढ्याच ताकदीचं स्टँडर्डही वाकलं असतं. पहिल्या किटच्या वरच्या दोन स्टँडर्डची ओडी (रंगाचा गडदपणा) सांगाल?

रात्रपाळी
२५० नॅनोग्रामला २.६१, ५०० ला २.८३.

सूक्ष्मदर्शी
सापडलं बहुतेक. प्रमाण दुप्पट झालं आणि ओडी फक्त ०.२२ ने वाढली. तिथे वक्र जवळजवळ आडवा आहे. १:२०,००० ला तुमचं सॅम्पल ३०० नॅनोग्रामच्या वर, म्हणजे नेमकं त्या आडव्या भागात वाचलं जातंय. तिथे ओडी ४ टक्क्यांनी खाली घसरली की आकडा तिसऱ्या हिश्श्याने खाली. तुम्ही म्हणता जोडीतला फरक ५ टक्क्यांच्या आत, तो ओडीतला की आकड्यातला?

रात्रपाळी
ओडीतला.

पिपेटकरी
अरे देवा. मग ते ५ टक्के या ठिकाणी काहीच सांगत नाहीत.

आता प्रश्न उरतो की ओडी दरवेळी खालीच का घसरते, कधी वर का जात नाही. माझा अंदाज: स्टँडर्ड पहिल्या दोन रांगांत, आधी टाकलेली. सॅम्पल नंतर, एकेक करून. अर्ध्या तासाच्या इन्क्युबेशनमध्ये शेवटच्या वेलला पाच-सात मिनिटं कमी मिळाली तर रंग तेवढा फिका. दोन तासांच्या किटमध्ये हेच पचून जातं. सगळं आधी एका साध्या प्लेटमध्ये भरून ठेवा आणि मल्टिचॅनलने रांगेमागून रांग झटपट उचलून टाका. टीएमबीही (एन्झाइममुळे रंग येणारं द्रव्य) त्याच क्रमाने, त्याच वेगाने, आणि थांबवायचं ॲसिडही. निळ्याचा पिवळा व्हायला क्षण लागतो, पण पहिल्या आणि बाराव्या रांगेत एक मिनिटाचं अंतर पडलं तरी रीडरला ४५० नॅनोमीटरवर ते दिसतं.

आणि वॉशनंतर प्लेट उलटी करून टिशूवर दणादण आपटायची. लाजत लाजत ठेवणाऱ्यांच्या वेलमध्ये पाणी उरतं.

कोटिंग_रात्रभर
आपटण्याबद्दल +१. शेजारच्या खोलीतून कोण आलं पाहिजे "काय पडलं?" म्हणत.

रात्रपाळी
मल्टिचॅनलने केलं. पहिल्या किटवर १:८०,००० आणि १:१,६०,००० दोन्हींना आता ९.० येतंय, सपाट. पिपेटकरी, साष्टांग नमस्कार.

पण ९ आणि ११.८ हा फरक उरलाच की. म्हणजे खोटं कोण, हा मूळ प्रश्न जिथल्या तिथे.

जुनाजाणता
एक सोपा प्रयोग करा. दुसऱ्या किटचं स्टँडर्ड पहिल्या किटवर सॅम्पल म्हणून चालवा. ज्याला ते १०० नॅनोग्राम म्हणतात त्याला हे किती म्हणतं ते बघा.

रात्रपाळी
७६!

जुनाजाणता
आणि ९ भागिले ०.७६ किती होतात?

भोचक
११.८४. कॅल्क्युलेटरला विचारून सांगतोय.

जुनाजाणता
मग भांडण संपलं. उरलेला सगळा फरक स्टँडर्डच्या बाटलीतला आहे, प्लेटचा नाही. दोन कंपन्यांचं "१०० नॅनोग्राम" एक नाही. दोघांनी एकाच टोकापासून सुरुवात न करता आपापली फूटपट्टी छापली.

असं कसं होतं? शुद्ध आयजीजी किती आहे ते आधी कुणीतरी दुसऱ्याच पद्धतीने मोजलेलं असतं. २८० नॅनोमीटरवर मोजली तर एक उत्तर. ब्रॅडफर्ड नावाच्या रंगाच्या पद्धतीने, बीएसएचं स्टँडर्ड लावून मोजली तर दुसरंच, कारण त्या रंगाला आयजीजी बीएसएच्या जवळपास निम्माच प्रतिसाद देते. तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते बाहेरून कळणार नाही. दोन्ही कंपन्यांना एकच प्रश्न पाठवा: तुमचं स्टँडर्ड कशाला बांधलंय? सीरममधल्या प्रथिनांसाठी ईआरएम-डीए४७०के/आयएफसीसी नावाचं प्रमाणित संदर्भद्रव्य आहे, निदानाची यंत्रं त्याला जोडलेली असतात. ज्याचं स्टँडर्ड त्याला बांधलेलं, त्याच्या आकड्याची ७ ते १६ शी तुलना करायला अर्थ आहे.

रात्रपाळी
विचारलं. दुसऱ्या कंपनीचं उत्तर लगेच आलं: त्याच संदर्भद्रव्याला बांधलंय. पहिलीचं उत्तर: "शुद्ध मानवी आयजीजी." बस्स, एवढंच.

निदानवाला
त्या "एवढंच"मध्येही बरंच कळलं. पण खोटं बोलतंय म्हणू नका. आज आणि उद्या तेच उत्तर देत असेल तर दोन गटांची तुलना करायला ते किट चालेल. फक्त त्याचे मिलीग्राम लोकांच्या मिलीग्रामशेजारी मांडू नका.

रात्रपाळी
मग असं करतो. मागच्या वर्षीची सगळी सॅम्पल पहिल्या किटवर, माहितीपत्रकाप्रमाणे १:२०,००० ला झाली आहेत. सगळ्यांना ०.७६ ने भागून टाकतो आणि पुढचं काम दुसऱ्या किटवर.

सूक्ष्मदर्शी
नका हो नका! ०.७६ हा आकडा वक्राच्या सरळ भागातला आहे. तुमची जुनी सॅम्पल आडव्या भागात वाचलेली. तिथे कुणाचा आकडा किती दबला गेला ते प्रत्येकाच्या जागेवर अवलंबून. जास्त आयजीजीवाला जास्त दबला, कमीवाला कमी. एका गुणकाने ते परत वर येणार नाहीत.

शिवाय एका पूलवरून (एकत्र केलेल्या सीरमवरून) काढलेला गुणक सगळ्या माणसांना लागू होईलच असं नाही. आयजीजीचे चार उपप्रकार आहेत आणि किटमधली अँटीबॉडी चौघांना सारख्याच ताकदीने धरेल याची खात्री नाही. कमी, मध्यम, जास्त अशी निदान वीसेक सीरम दोन्हींवर चालवून बघा.

पिपेटकरी
सीरम शिल्लक आहे ना? मग पुन्हाच चालवा. आयजीजी टणक असते, पुन:पुन्हा वितळवलेलं नसेल तर बिघडायचं कारण नाही. आणि या वेळी तोच पूल छोट्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० ला टाका, प्रत्येक प्लेटवर एक नळी, वापरली की फेकायची. किटसोबतचा कंट्रोल लॉटबरोबर बदलतो, हा तुमचा बदलणार नाही. नवा लॉट आला की आधी हा लावायचा, मग पेटी वापरात घ्यायची.

रात्रपाळी
आहे शिल्लक, एकदाच वितळवलेलं. गाईडना हा धागा दाखवला. सरासरीचा विषय त्यांनी काढला नाही, पण मालिकेतला पहिला आकडा बघून "एवढं पातळ कशाला करायचं?" विचारलं. सोमवारपासून पुन्हा सगळी सॅम्पल.

भोचक
कल्चरमधल्या आयजीजीचा धागा वेगळा काढा. तिथे माध्यमात गाईच्या वासराचं सीरम असणार, म्हणजे गाईची आयजीजी पण आली. किट तिलाही मानवी समजलं तर?

सूक्ष्मदर्शी
भोचक, पहिल्यांदाच कामाचं बोललात. पेशी न घातलेलं नुसतं माध्यम तेवढंच पातळ करून ब्लँक म्हणून लावा. बाकी नव्या धाग्यात बोलू.